मुखवटे माझ्याकडे, धडं तिच्याकडे

नाही जी, चोरीचं काही नाही ह्यात — जुन्या साडीत गुंडाळलं म्हणून तसं दिसून राहिलं — महालक्ष्म्यांचे मुखवटे आहेत, ज्येष्ठा अन् कनिष्ठा, पितळेचे. जड आहेत, पण खाली कसे ठेवाव, पावर हाउस चौकाच्या ऑटोस्टँडवर लोकं कुठंबी थुंकतात. तुमी फोनवर मराठीत बोलल्या म्हणून तर मी इकडे सरकली, नाही तर इथं दिवसभर हिंदीच. मी विजया. सेक्टरमध्ये, स्टील प्लांटच्या कॉलनीत राहतो आमी, आमचे हे प्लांटमधून रिटायर झाले. नंदिनी गावाले चालली, मोठ्या जाऊबाईकडे — पंचफुला नाव तिचं, भासरे, म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ, तिकडे खदानीत होते. मघाचा ऑटो भरून गेला ना, म्हणून बसली आहे. तुमाले दुर्गची बस? येते ती, आरामात येते.

उद्या महालक्ष्म्या बसायच्या अन् मुखवटे आज रस्त्यावर कावून, असंच ना? सांगते. सासूबाई शेवटी माझ्याजवळ होत्या, मुखवटे त्यांनी स्वतः माझ्या हातात देले. अन् धडं — ते लोखंडी, ज्याले साडी नेसवतात — ते पहिल्यापासून नंदिनीले, मोठ्या घरी. सासूबाई गेल्या, अन् मंग ती म्हणे मुखवटे इकडे आण, रीत मोठ्या घरची. मी म्हटलं धडं इकडे पाठवा, सासूबाईचा शब्द आहे. तेव्हापासून मुखवटे माझ्या कपाटात, धडं तिच्या माळ्यावर, अन् महालक्ष्म्या कोणाच्याच घरी नाही. दोघी आपापल्या घरी फोटोले हार घालून राहिलो. नवीन धडं घेता आले असते, पण अर्ध्या घराण्याच्या अन् अर्ध्या बाजारच्या महालक्ष्म्या कोणी बसवते का? नाही बसवत.

मंग आज काय झालं म्हणता? माझ्या पोट्टीच्या मशीनीनं झालं. मृणाल माझी — घरूनच काम करते, समोरच्या खोलीत, कानाले ते लावून. कर्नलचं काम. मिलिटरीतला कर्नल नाही जी, कंप्युटरच्या आतला — सगळ्या कंप्युटरचा गाभा म्हणे तो, बाकी सगळे प्रोग्राम त्याच्या भरवशावर. त्यात एका टायमाले एका वस्तूले एकानंच हात लावाव म्हणून लॉक राहते. ज्यानं लॉक घेतलं त्याचं काम होते, बाकीचे थांबतात. अन् हे लॉक जिथं चुकते तिथं माझी पोरगी. कंपनीची एक मोठी मशीन मधातच थांबून जाये — जळे नाही, एरर देये नाही, बस उभी. पोरीनं आठवडाभर डोकं खाजवलं. मी आलूपराठा समोर ठेवू, ती म्हणे ठेव, अन् तो थंडा होऊन परत ये.

एक दिवस स्वयंपाकघरात येऊन माझ्या गळ्यातच पडली — आई, सापडलं. काय सापडलं? म्हणे एकानं पहिलं लॉक घेतलं अन् दुसऱ्यासाठी थांबला. दुसऱ्यानं दुसरं घेतलं अन् पहिल्यासाठी थांबला. आता हा सोडत नाही, तो सोडत नाही, दोघं जन्मभर उभे. मी विचारलं, चूक कोणाची? म्हणे कोणाचीच नाही आई, दोघांनी आपापलं काम बराबर केलं, फक्त लॉक घ्यायचा क्रम उलटा. वरून हे थांबणारे काही चुपचाप नाही थांबत — एक प्रकार असा आहे म्हणे की तो जागच्या जागी फिरत राहते, सुटलं का, सुटलं का, सुटलं का — काम शून्य, अन् मशीन गरम. मी पोळी लाटून राहिली होती. लाटणं थांबलं माझं.

तशी मी लवकर हार मानणारी नाही जी. म्हटलं, तोडून टाक ना ते लॉक. तर म्हणे तोडलं तर आतलं सगळंच खराब होते. मंग उपाय काय? म्हणे, एक क्रम ठरवायचा — कोणतं आधी, कोणतं मागून — अन् सगळ्यांनी तोच पाळायचा. कोणता क्रम चांगला? म्हणे कोणताबी, फक्त एकच पाहिजे. अन् कोणाले दुसरं मिळतच नसन तर त्यानं हातातलं सोडाव, मागं सराव, मंग पुन्हा पहिल्यापासून घ्याव. तिनं दोन ओळी वरच्या खाली केल्या, बस. आठवडाभराचं काम अन् दोन ओळी. तो कर्नल सांभाळणाऱ्या मोठ्या लोकांनी पाहिलं, थोडी कटकट केली — कावून बदललं ते नीट लिहा म्हणे — अन् मंग घेतलं. आता जगभरच्या मशीनीत जाईन ते. माझ्या पोरीच्या दोन ओळी. मी शेजारच्या नीतूले सांगितलं, ती म्हणे पगार वाढला का. जाऊ द्या.

पण मले ते बोलणं सुटेना. क्रम ठरवायचा म्हणे. अन् आमच्या देव्यांचा क्रम तर ठरलेलाच आहे ना जी — उंबऱ्यातून ज्येष्ठा आधी येते, कनिष्ठा तिच्या मागून. लग्न झाल्यापासून मी स्वतः पावलं काढून राहिली, आधी मोठीची, मंग लहानीची. अन् घरातली लहानी मीच. डोक्यात उजेड पडला, अन् राग बी आला — म्हणजे मीच सोडाव? मृणाल म्हणे आई, मी तर मशीनचं सांगून राहिली. मशीनचं म्हणे. सगळं समजते तिले. मोठ्याआईच्या, ह्याच जाऊबाईच्या, हातची आंबील पाहिजे म्हणून लहानपणी रडे ती.

आमचे हे म्हणे फोन तर कर आधी. फोन केला की पुन्हा तेच — तू ये, तुमी या. म्हणून न सांगता निघाली. खरं सांगू? मले तिची लई आठवण येते. सोळा भाज्या एका कढईत कशा घालायच्या तिनं शिकवलं, सासूबाईची बोलणी माझ्या वाटची तिनं खाल्ली. अन् आता दार उघडलं नाही तर? नाही तर मुखवटे घेतले अन् दारातूनच वापस पाठवलं तर? — तरी देऊन येईन. हो, देऊन येईन. हे आता तुमच्यासमोरच ठरलं माझं, घरून निघताना नव्हतं ठरलं. मघाचा ऑटो… भरला नव्हता जी तो. त्याच्या आधीचाबी नाही. जागा होती, मीच नाही म्हटलं. बसल्या जागी फिरून राहिली मी सकाळपासून.

हा येते पाहा नंदिनीचा. ह्यात बसते, पक्कं. उतरू द्या लोकायले. तो टोपलीवाला उतरला, की… थांबा. ती पांढऱ्या केसांची, गुडघ्यावर हात ठेवून उतरते ती. गोणपाटात काय आहे तिच्या — दोन लांब, सुतळीनं बांधलेले. ड्रायव्हरले म्हणून राहिली हळू, हळू, धडं आहेत.

सरका जी थोडं. बाकावर जागा करा, तिचे गुडघे दुखतात. अन् आता काही विचारू नका मले.