दुसऱ्या डॉक्टरांचे तेच प्रश्न

नको काय नको, घ्या हो खानम — तीनतीनदा नाही म्हणायची ही जागा नाही. कुलुंपे घरीच भाजलेत, आत खजूर जरा जास्त पडलाय. मी? मला नाही बसवत, तुम्ही बसा. तुमच्या मुलीचा नंबर माझ्या भावानंतर ना? मग घाबरू नका, सुई नाही, काही नाही, नुसते प्रश्न. इराजला सकाळी रासेख डॉक्टरबाईंनी विचारलं, आता आत मोईनी डॉक्टर तेच विचारतायत. का म्हणजे — दोघांनी वेगवेगळं विचारून एकच निघालं तर ते प्रश्न खरे, मग आपल्या फारसीत सगळीकडे वापरणार. मूळचे परदेशातले आहेत. ज्यांना भास होतात, ती माणसं आजारानं गप्प झालीत की आतून दुःखी आहेत, ते ओळखायला.

आमचा इराज गोलकीपर होता हो. मागून ओरडून अख्खा संघ खेळवायचा. मग ते आवाज ऐकू यायला लागले, मग गोळ्या, मग हा असा — भिंतीसारखा. ह्या वसंतात आई गेली, तर कबरीपाशी नुसता उभा, डोळ्यांत टिपूस नाही. मामा सगळ्यांदेखत म्हणाले, "दगडाला कसलं आलंय दुःख." मी काय बोलणार? डॉक्टरच सांगायचे, ह्या आजारात भावना आटतात म्हणून. मीही तेच धरून चालले होते.

तर सकाळी बाईंनी कागदावरचं वाचलं, "आपणास नैराश्य जाणवते का?" हा म्हणतो, "आपली कृपा आहे." "भविष्याविषयी आशा वाटते?" "आपली सावली राहो आमच्यावर." पाहुण्यांशी बोलावं तसं. आपल्यात कोण हो परक्याला तोंडावर सांगतं, बरं नाही म्हणून? बाई स्वतःशीच म्हणाल्या, असं घरात कोणी बोलत नाही, हे बदलायला हवं — अजून शब्दांची जुळवाजुळवच चाललीये ना त्यांची. मग खुर्ची जवळ ओढून विचारलं, "इराज, जीव आवळल्यासारखा होतो का रे?"

तो नखं बघत राहिला. मग म्हणाला, "पहाटे. पहाटे जाग येते तेव्हा आई माझ्यामुळे गेली हे ठरलेलं असतं." आणि माझ्याकडे वळून, अगदी साधेपणानं — "फरंगीस, आईच्या शेजारची जागा कुणी घेतली नाही ना?"

मला कळलंच नाही आधी. बाईंना कळलं, त्यांनी लिहायचं थांबवलं. आणि मला — काय झालं सांगू? आनंद झाला. सख्खा भाऊ स्वतःच्या कबरीची जागा विचारतोय आणि मला आनंद — की आहे, हा आत आहे, आईसाठी झुरतोय, दगड नाही झाला. कसली म्हणायची मी बहीण? हे कुणाला बोलू नका. मी तुम्हाला तरी का सांगतेय, तुमचं नावसुद्धा मला माहीत नाही.

आता भीती वेगळीच. बाईंनी मोईनींना प्रश्न कसा विचारायचा तेवढं सांगितलं, उत्तर नाही, तसा नियम आहे म्हणे. मला बाहेर काढलं, मी मध्ये बोलते म्हणून. पुरुषासमोर तो पुन्हा "आपली कृपा" म्हणाला तर? आजच्या आज घरी पाठवतील, तीच जुनी गोळी हातात देऊन. आणि खरं सांगू, अर्ध्या मनानं वाटतं, म्हणू दे तसंच, मी घेऊन जाते त्याला, जेवायला घालते —

थांबा. दार उघडलं.

सलाम, डॉक्टर. हो, मी त्याची बहीण. ... आजच? ... नाही, नाही, ठेवून घ्या, मी कपडे आणून देते. कमरेचा पट्टा? तो नको, बरं. समजलं.

ऐकलंत ना खानम? ह्यांनाही सांगितलं त्यानं. जा तुम्ही, तुमच्या मुलीला आत न्या. माझ्याकडे असं बघू नका, जा.