सेल्वी अक्कांचा जिना

पेनांगच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाई हातातली नंबराची चिठ्ठी चुरगळत बसल्या होत्या. तेवढ्यात त्यांच्या ऑफिसातला कॉम्प्युटरवाला धापा टाकत आला.

“सेल्वी अक्का, उठा! तुमचं डोकं ठणठणीत आहे.”

“मुगिलन, इमारतीच्या नकाशात जिना डावीकडे घेतला म्हणून मी छातीठोक सांगितलं, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर उघडला तर जुनाच नकाशा! आईचं विसरणंही असंच सुरू झालं होतं रे.”

“मी सर्व्हरवर बघून आलो. जिना डावीकडेच आहे.”

“मग साहेबांना दिसला तो?”

“त्यांचं मशीन सकाळचीच प्रत धरून बसलं होतं. सर्व्हरला पुन्हा विचारलंच नाही त्यानं. ती काढून टाकली, तुमचा नकाशा आला.”

“म्हणजे मी विसरले नव्हते?”

“नाही, अक्का.”

“सेल्वी कोण?” नर्सनं हाक मारली.

“मुगिलन, हा नंबर धर. त्या मशीनलाच डॉक्टरांना दाखवून आण!”