दाताखाली आलेला डोंगर

दातांच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत म्हातारबुवा पुस्तकात डोकं खुपसून बसले होते. पण शेजारी बापलेक बोलत होते, आणि बुवांची एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचून होत होती.

“दगड चावलास? एवढी शिकलीसवरलेली तू!”

“बाबा, आम्ही भूगर्भवाले असंच बघतो. चिमूटभर माती दाताखाली घ्यायची. कचकचलं तर बारीक रेती, लोण्यासारखं लागलं तर चिकणमाती.”

“मग दात कसा तुटला?”

“घाईत गारगोटीसकट तोंडात टाकलं.”

“धन्य आहे! आणि लागलं काय?”

“लोणी. त्या उताराच्या पोटात चिकणमातीचा थर आहे. पाणी मुरलं की वरचं सगळं घसरणार. आणि तिथंच शाळा बांधायचीय.”

“साहेबांना सांगितलंस?”

“ते म्हणतात, जागा पक्की आहे म्हणून सही कर, नाहीतर दुसरी नोकरी बघ.”

“मग कर की बाई सही! हातची नोकरी घालवशील. सगळ्या जगाची काळजी तुलाच का?”

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

“बोला सर... नाही सर, विचार झालाय. दुसऱ्या कुणाला करायची तर करू दे. त्या उतारावर पोरं बसवायला माझी सही मिळणार नाही.”

फोन ठेवून ती सुजलेला गाल धरून बसली.

 बाप म्हातारबुवांकडे वळून, कुणी विचारलं नसताना म्हणाला,

“माझी मुलगी आहे ही.”