अर्ध्या कोयत्याची नुकसानभरपाई

...आता तुमीच सांगा, हात मोडल्याली बाई समोर बसलीय, अन् कोर्टात पयला सवाल काय? "हिची कमाई किती?" म्हणे! अवो, आमची बायको भिवराबाई नेकनूरच्या फाट्यावर बसची वाट बघत उभी व्हती, तवा एक कार उलट्या बाजूनं आली अन् हिचा उजवा हात मोडून गेली, ह्यात कमाईचं काय आलं? पर इमा कंपनीचा वकील, आवाज लई गोड... "सटवाराव, ऊस तोडता तुम्ही. मग ह्या नुसत्या गृहिणीच ना?" मी म्हणलं, साहेब, कोयता एकच असतोय!

तुमाला सांगतो, त्याला कळंचना. अवो, ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मी तोडायचं, तिनं मोळी बांधायची, डोक्यावर घिऊन गाडीत चढवायची. आता तिचा हात खांद्याच्या वर जाईना, तर म्हाळू मुकादम म्हणतो, "सटवा, अर्धा कोयता मी नेत न्हाई." म्हंजी हात मोडला एकीचा, घरी बसलो दोघं! भरपाई न्हाई मिळाली तर खावं काय? पर वकील पुन्हा तिथंच, "तिचं वेगळं उत्पन्न सांगा." मी म्हणलं, साहेब, कोयता एकच... जजसाहेब म्हणले, "ते लिहून घेतलंय, पुढं चला."

मग त्यानं डाव टाकला. "बरं, घरचं काम आता कोण करतं?" मी छाती काढून म्हणलं, "मीच की! धुणं, पाणी, भाकरी, समदं!" तसा तो जजसाहेबांकडं वळला, "बघा साहेब, काम काहीच अडलं नाही. मग नुकसान कसलं?"

झालं! आता कोयता एकच म्हणायला बी तोंड राह्यलं न्हाई. तेवढ्यात मागनं भिवराबाई उठली, चारचौघांत कधी न बोललेली बाई, "साहेब, ह्येंच्या हातची भाकर खाल्ली का तुमी?"

समदं कोर्ट हसलं! जजसाहेब बी हसले, मग त्येंनी तिच्या हाताकडं बघितलं... अन् पुढची तारीख दिली. आमचे वकील गमतीनं म्हणले, नुसतं बोलून भागत न्हाई, पुरावा लागतो. पर हिनं ते खरंच धरलं! "अवो, चार भाकरी फडक्यात बांधून न्या, अन् चांगल्या करायला जाऊ नका!"

आता काय सांगू... उद्या तारीख. बायकोचा हक्क मिळावा म्हणून सकाळधरनं चुलीपुढं बसलोय, अन् जल्मात पयल्यांदा माझी भाकर टम्म फुगलीय!