गाडीखालचा डाग

— नाही, नाही, तिथे नको बघूस, तिथे काही नाही, गाडीच्या या डांबरी वाटेच्या भेगेत नुसतं गवत उगवलंय, ते मीच उपटतो रोज — दुसरं काम काय मला? डाग बघायचा तर गाडीखाली बघ. वाक जरा. दिसला? तेल आहे ते. एप्रिलपासून गाडी जागची हललेली नाही, अधूनमधून ग्रेग येऊन इंजिन घुरघुरवतो नि बंद करतो, ठिबकतेय बिचारी. आता या तेलावर तुझा काळा लेप धरेल? कसला धरतोय! आधी डाग घासायचा, मग अस्तर, मग लेप — बरोबर ना? म्हणजे गाडी आधी रस्त्यावर काढायला हवी! पण हे मी सांगून उपयोग नाही, या नॉर्बर्टचं कोण ऐकतंय? तू सांग ग्रेगला. माझा मुलगा रे, त्यानंच बोलावलंय ना तुला, वाटेला लेप द्यायला. चावी त्यानं लपवलीय.

हसू नकोस. शेजारणीच्या टपालपेटीला जरा धक्का काय लागला — ती मेली तरी कुठे सरळ उभी होती! — की चावी जप्त. "बाबा, तुमच्या भल्यासाठीच." ज्याचे लंगोट मी बदलले, तो आता माझं भलं ठरवणार! आणि मला काय शिकागोला जायचंय? अर्लीन, माझी बायको, तळ्याकाठच्या त्या म्हाताऱ्यांच्या घरात आहे, इथून हाकेच्या अंतरावर. पण माझ्या गुडघ्यांना हाकही लांब पडते. टॅक्सी? या गावात? तू आलास कुठून रे? तसा ग्रेग नेतो मला, खोटं कशाला बोलू. रविवारी नेतो — चर्च झाल्यावर, जेवण झाल्यावर, दुपारी. आता दुपारी जाऊन करू काय मी? दुपारी ती मला 'मिस्टर' म्हणते. हात पुढे करते, बसा म्हणते, परक्याला म्हणावं तसं. सकाळी ती ठीक असते. तिथली नर्स सांगत होती, नाश्त्याला बसली की विचारते — नॉर्ब कुठे राहिला? रोज विचारते. आणि मी इथे सकाळभर गवत उपटतोय.

लाव, लाव फोन. काय म्हणाला? फ्रीजरमध्ये? वाटाण्याच्या पिशवीखाली? माझ्याच घरात! म्हणून तर, मी वाटाणे खात नाही हे ठाऊक आहे त्या लबाडाला! थांब, आणतो —

— ही बघ, गारठलीय नुसती. अरे, मीच काढतो ना गाडी, तू कशाला — बरं. बरं, तू काढ. समोर लाव, मेपलच्या सावलीत. मी तोवर हिरवी टोपी घालून येतो, अर्लीनला ती लांबूनही ओळखता येते.

वा, झकास लावलीस! आण इकडे. चावी रे. खिशात काय टाकतोस? — ग्रेगनं सांगितलं? — हो. सांगणारच तो. मग तूच सोडतोस का मला, तुझ्या ट्रकनं? नुसतं अर्लीनच्या दारापर्यंत? — हो, हो, ढग आलेत, पावसाच्या आत लेप सुकायला हवा. कळतं मला. मीही उभा जन्म कामच केलंय.

नाही रे, रागावलो कुठे? टोपी? ही होय — उन्हासाठी घातली. ढग असले म्हणून काय झालं? तू घास तुझा डाग. आणि लेप दिलास की वाटेच्या तोंडाशी तुझी ती दोरी आडवी बांधून टाक, म्हणजे कोणी यायला नको नि जायला नको. जा, लाग कामाला.