सात सेकंदांचा गिझर

...आणि ती बाई मला विचारते, "सर, नळ चालू आहे का?" मला! अहो, वीस वर्षं कारखान्यातल्या भट्ट्या पेटवायची यंत्रणा सांभाळतोय मी, नुसत्या आवाजावरून बिघाड सांगतो, आणि गिझर कंपनीची ही बाई फोनवरून मला विचारते, नळ चालू आहे का! ठेवला फोन. दाणकन!

तुम्हाला सांगतो, गॅसचा गिझर बाल्कनीत, बाथरूम घराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि आत ऐंशी वर्षांचे सासरे, अर्ध्या आंघोळीत, अंगभर साबण! गिझर बंद, आणि गार पाण्याला डॉक्टरांची सक्त मनाई. मी म्हटलं, "दोन मिनिटं, बाबा!" सेल बदलले, निरोप पोचवायला बायकोला पॅसेजमध्ये उभं केलं आणि ओरडलो, "नळ सोडा!" ती ओरडली, "बाबा, नळ सोडा!" टक टक टक... भप्प! "पेटला!" मी. "पेटला हो बाबा!" ती. आणि सात सेकंदांत... विझला!

आता पेटून विझतो म्हणजे काय? ज्योत असते, पण ती आहे हे कंट्रोलच्या डबीला कळत नाही, म्हणून ती गॅस तोडते. सरळ आहे! दोष ज्योत ओळखणाऱ्या सळईत. काढली, घासली, लावली. "नळ सोडा!" टक टक टक... भप्प! "पेटला!" "पेटला हो बाबा!" सात सेकंद... विझला! वायर बदलली, विझला! ठिणगीची सुई मागे घेतली, पुढे घेतली, विझला! आतून सासरे, "जावईबापू, साबण वाळला हो..." तेवढ्यात बायकोनं परस्पर फोन लावून माझ्या कानाला चिकटवला, आणि ती बाई काय विचारते? नळ चालू आहे का! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरात त्या घडीला तापलेलं तेवढंच!

मग खोललीच डबी. बाल्कनीभर स्क्रू, वायरी, आणि सळई ओढताना... कट्! मोडली. बायको बाथरूमच्या दाराशी गेली, "बाबा, थोडं थांबा हं अजून."

"थांबतो गं," सासरे कुडकुडत म्हणाले, "पण तू 'पेटला' म्हणालीस की मी लगेच नळ बंद करतोय, बरोबर ना? म्हटलं, दुरुस्ती चाललीय तोवर पाणी कशाला वाया घालवा..."

पाचही वेळा! म्हणजे सेल बदलले तेव्हाच गिझर बरा झाला होता, आणि मी एका धडधाकट गिझरची चिरफाड करत बसलो होतो! बायको गेली आणि शेगडीवर पाण्याचं पातेलं चढवलं.

मी मुकाट्यानं फोन लावला. तीच बाई! "सर, नळ चालू आहे का?"

"आहे हो ताई. उत्तम चालू आहे, बंदही छान होतो... तुम्ही फक्त गिझर परत कसा जोडायचा, तेवढं सांगा."