दुपारी बॅटरी कोण खातं

— नाही हो, चार्जर बदलून झाला, बॅटरीही नवी घातली, तुमच्याच वाचनालयाच्या माणसानं! तरी चार वाजले की हे बोलकं पुस्तक मान टाकतं. सकाळी पूर्ण भरलेलं असतं — तसं ते स्वतःच बोलून सांगतं — मी जेवणापर्यंत ऐकतो, जरा आडवा होतो, उठून कळ दाबतो तर 'बॅटरी संपत आली आहे'. आवाज मोठा ठेवतो म्हणता? मी आंधळा आहे, बहिरा नाही. वायफाय बंद, झोपताना आपोआप बंद व्हायचं तेही लावलंय — बघा की तपासून, हात बांधलेत का तुमचे?

आवाज कसला? काही नाही, आमची मंडळी. आपटली असेल कशावर तरी. हल्ली भिंत चाचपत चालते, काल चहा कपात ओतायचा तो माझ्या गुडघ्यावर ओतला. पूर्वी हीच वाचून दाखवायची मला, रोज दुपारी. बरं वाचायची — तिच्या तोंडावर तसं म्हटलं नाही कधी, डोक्यावर बसली असती. मग अडखळायला लागली, ओळी गाळायला लागली, मनचं काहीबाही घुसडायला लागली. मी म्हटलं, बाई, वाचतेस की दळण दळतेस? यंत्र बरं त्यापेक्षा, ते मुळुमुळु रडत तरी नाही. दुसऱ्याच दिवशी तुमच्याकडे निरोप धाडला.

काय? यंत्रात दुसरंही पुस्तक चालू आहे? अर्ध्यावर? छे, मी समुद्रसफरीचं ऐकतोय. कादंबरी कुठली? — रोज दुपारी लागल्याची नोंद दिसते? इअरफोन लावून?

अस्सं. म्हणजे मी इकडे घोरतोय, आणि ही उशापासून उचलून नेते — आणि परत ठेवते, चोरपावलांनी! तरीच.

तिला दिसत नसेल म्हणता? मला सांगताय? मोतीबिंदू आहे, काढता येतो, डॉक्टरकडे चला म्हणून पाठीस लागली होती वर्षभर. मी म्हटलं, तू पट्टी बांधून पडलीस तर मला ताट कोण वाढणार? आणि तुझं अडलंय काय — घरात एक आंधळा पुरे. मग विषय सोडला तिनं. शहाणी आहे तशी.

तिच्यासाठी दुसरं यंत्र? मुळीच नको! कानात बोंडं घालून बसेल, मी हाका मारून मरेन इथं. त्यापेक्षा याला कुलूप लागतं ना, आकड्यांचं? लावा. आकडा माझ्या कानात सांगा, हळू — दारात उभी आहे ती, श्वास ऐकू येतोय मला. ऐकू दे, तिला कळलेलंच बरं.

नाही लावणार म्हणता? वाचनालय तुम्हाला यंत्रं बघायला पाठवतं की लोकांचे संसार? — बरं, राहू द्या, मीच लावीन. ठेवा ते माझ्या हातात. ठेवा म्हणतो ना!

अगं ए, पाहुण्यांना दार दाखव. — दिसतंय ना दार?